मुलींच्या शाळेत नाटक बसवताना पुरुषपात्रांचं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलींच्या शाळेत नाटकाचे तास नुकतेच तुमच्याकडे आलेत, वार्षिक नाटकासाठी फक्त स्त्रीपात्रं असलेली संहिता शोधून थकलात, आणि आता मुलींना मिशा लावायच्या की काय असा प्रश्न पडलाय. मी बरीच वर्षं मुलींच्याच शाळेत नाटक शिकवलं. माझं उत्तर असं, की शोध थांबवा, आवडलेलं नाटक घ्या आणि मिशा डब्यातच राहू द्या.

मिशांचं मी अनुभवानं सांगतेय. पहिल्याच वर्षी नववीतल्या एका मुलीला सावकाराचं काम दिलं आणि हौसेनं दाढीमिशा चिकटवल्या. तिची एन्ट्री झाली आणि सभागृह हसलं. काही वाईट हेतू नव्हता, ओळखीच्या पोरीला दाढीत बघून लोक हसणारच. पण पोर हुशार. तिला वाटलं, हसताहेत म्हणजे आवडतंय. मग ती प्रत्येक वाक्य हशासाठी टाकू लागली. तिसऱ्या प्रवेशात सावकार जमीन बळकावतो, तिथे सगळ्यांच्या पोटात गोळा यायला हवा होता. तिथेही लोक हसले. विंगेत उभी राहून मी स्वतःलाच शिव्या घालत होते.

पुढच्या खेपेला एक मुलगी कडक स्वभावाच्या बापाचं काम करत होती. ती आवाज खाली, खर्जात ओढायची. चौथ्या तालमीला घसा बसला. (हे आधीच लक्षात ठेवा, मुली हमखास करतात आणि ऐन प्रयोगाच्या आठवड्यात आवाज जातो.) मी तिला म्हटलं, आवाज तुझाच ठेव. फक्त उत्तर द्यायची घाई करू नकोस. मुलीचं वाक्य संपलं की आधी हातातला पेला टेबलावर ठेव, मग बोल. तिनं पेला ठेवला. सावकाश, आवाज न करता, वर न बघता. तालमीच्या खोलीत गप्पा मारणाऱ्या पोरीसुद्धा थांबल्या. मग कोपऱ्यातून एक जण म्हणाली, "बाई, माझी आजी अगदी अशीच करते."

तेव्हापासून मी 'पुरुषासारखी चाल' हा शब्दच तालमीतून काढून टाकला. पात्राला काय हवंय, त्याला कुणाची भीती वाटते, खोलीत कुणी त्याच्या आधी बसत नाही का, एवढंच विचारायचं. वजन कुठल्या पायावर, नजर किती वेळ टिकते, हे त्यातून आपसूक येतं. वेशभूषेत एक कोट किंवा काठी पुरते.

उलट बाजूनं हेच शतकानुशतकं चालत आलंय. शेक्सपिअरच्या काळात स्त्रीभूमिका मुलगे करत. इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर बायका आल्या त्या १६६० नंतर. १९११ साली 'मानापमान'मधली भामिनी बालगंधर्वांनी केली, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. फ्रेंच नटी सारा बर्नहार्टनं १८९९ मध्ये हॅम्लेट केला. जपानच्या ताकाराझुका मंडळीत तर १९१४ पासून सगळ्या भूमिका बायकाच करतात आणि तिथे पुरुषभूमिका हे काही नटींचं खास क्षेत्रच असतं. तुमच्या शाळेतल्या राजाला कुणी हरकत घेतली तर ही यादी हाताशी असू द्या.

फक्त स्त्रीपात्रांच्या संहितांबद्दल माझी मूळ तक्रार वेगळी आहे. त्यातल्या काही उत्तम आहेत, पण शालेय संग्रहांत मला मिळाल्या त्यांतल्या बहुतेकींत मुलींच्या वाट्याला आई, सून, शेजारीण आणि मैत्रीण. निर्णय घेणारं माणूस बहुधा पडद्याआड, 'ते येतील आता' असं ज्याच्याबद्दल बोललं जातं ते. मुलामुलींच्या एकत्र शाळेत राजा, न्यायाधीश, खुनी, विदूषक या भूमिका बहुतेक वेळा मुलांकडे जातात, आणि नाटकात भाग घ्यायला नावं देणाऱ्यांत मुली जास्त असतात. मुलींच्या शाळेत ही अडचण आपोआप सुटलेली असते. ती पुन्हा कशाला ओढवून घ्यायची?

व्यवस्थापन कुरकुर करेल. त्यासाठी एक गोष्ट सांगते. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याची पत्नी मादाम द मँतनॉन हिनं सँ-सीर इथे मुलींची शाळा काढली होती. तिथल्या मुलींनी फ्रेंच नाटककार रासीनचं 'आंद्रोमाक' केलं, आणि इतकं छान केलं की बाईंनी ठरवलं, आता पुन्हा नाही! मग रासीनकडून खास मुलींसाठी धार्मिक विषयावरचं, प्रेमप्रकरण नसलेलं नाटक लिहून घेतलं, 'एस्तेर'. १६८९ मध्ये त्याचे प्रयोग झाले, त्याला खुद्द राजा आणि दरबारी मंडळी आली. कौतुकानं मुली हुरळल्या आणि धर्मगुरूंची ओरड सुरू झाली. पुढचं नाटक 'अताली' १६९१ मध्ये वेशभूषा आणि नेपथ्याशिवाय, जवळजवळ गुपचूप झालं. मला यात नेहमी वाटतं की बिघडलं ते नाटकानं नाही, पाहुण्यांनी. त्याच सुमाराला लंडनजवळच्या चेल्सीत एका मुलींच्या शाळेत इंग्लिश संगीतकार पर्सेलचा 'डायडो अँड इनियस' हा ऑपेरा झाला होता, आणि तो आजही जगभर होतो.

म्हणून आठवड्याचा तास आणि वार्षिक प्रयोग वेगळे ठेवा. तासाला प्रेक्षक नको, पाठांतरही नको. डोरोथी हीथकोट या इंग्लिश शिक्षिकेनं रूढ केलेली एक पद्धत मला फार कामाला आली. त्यात शिक्षक स्वतःच भूमिकेत शिरतो, आणि शक्यतो फार अधिकार नसलेल्या माणसाच्या. मी एकदा फाइल घेऊन कारकून बनून वर्गात आले. धरणाखाली जाणाऱ्या गावाची यादी करायची होती, मुली गावकरी. सगळ्या एकदम ओरडायला लागल्या. वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "आणि विहीर? ती कशी हलवणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारकुनाकडेही नव्हतं. मी फाइल मिटली. त्या तासाचा प्रयोग कधीच झाला नाही.

पडद्यामागचं कामही मुलींकडेच द्या. शिडीवर चढायला, फ्लॅटला (नेपथ्याच्या उभ्या चौकटीला) खिळे ठोकायला, दिव्यांचा बोर्ड सांभाळायला शिपाईमामांना किंवा कुणाच्या भावाला बोलावलंत की मुली रंगभूषा आणि इस्त्रीकडे सरकतात. नियम मात्र कडक हवेत. शिडी धरायला खाली एक जण असल्याशिवाय वर कुणी जायचं नाही, गरम दिव्याला जाड हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही, जोडणी करताना मेन स्विच बंद. प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेतून विसरलेलं वाक्य सुचवणारी, शांत डोक्याची निवडा, हुशार नको. हुशार प्रॉम्प्टर पॉजसुद्धा भरून काढते.

प्रेमप्रसंगाला मुली खिदळतील. आठवडाभर खिदळू द्या, मग आपोआप कंटाळतात.

आणि भूमिका वाटण्याआधी एक करा. निवडलेल्या प्रवेशांच्या प्रती काढा, पात्रांची नावं काळ्या शाईनं खोडा, त्याजागी क, ख, ग लिहा. संवादातूनही 'महाराज', 'बाबा' वगैरे काढा. जिथे 'आलो' आणि 'आले'मुळे पात्र ओळखू येतं तिथे वाक्य थोडं फिरवा. मग गोलात बसवून वाचायला लावा, कागद अदलाबदल करू द्या. कुणी कुठला कागद दुसऱ्यांदा मागून घेतला, तेवढं वहीत टिपून ठेवा. माझा राजा मला असाच सापडला. तोवर तिनं फक्त पडदा ओढण्यासाठी नाव दिलं होतं.