सेन्सर बदलायच्या आधी दोन पाइप बघा

प्रश्न: नमस्कार दादा, माझा बीएस-६ डिझेल पिकअप आहे, भाजी घेऊन जांबोटीवरनं चोर्ला घाट उतरून गोव्याला जातो. येताना गाडी रिकामी असते तरी घाट चढंना झालीय, पिकअपच घेत नाही आणि चेक इंजिनचा लाइट लागलाय. स्कॅनरला पी २४५३ कोड आला. एक मेस्त्री म्हणतोय एक्झॉस्टचा प्रेशर सेन्सर गेला, नवीन टाक. दुसरा म्हणतोय डीपीएफच, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टरच, काढून टाक. काय करू?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: भाऊ, दोन्ही थांबवा. डीपीएफ तर अजिबात काढू नका, धूर बाहेर पडणार तो आपल्याच गावात आणि वर कायद्यानंही चालत नाही.

आता तुमचा कोड काय सांगतोय ते बघा. २४५३ म्हणजे सेन्सरकडनं सिग्नल येतोय पण इंजिनच्या चालीशी जुळत नाहीये. वायर तुटली, शॉर्ट झाली तर बहुतेक वेळा २४५४ नाहीतर २४५५ येतो. म्हणून माझा पहिला संशय सेन्सरवर नाही, त्याच्या पाइपांवर आहे. डीपीएफच्या आधीचं आणि नंतरचं प्रेशर दोन बारक्या पाइपांनी सेन्सरपर्यंत येतं आणि त्या दोघांतला फरक तो ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगतो, फिल्टरमध्ये काजळी किती भरली याचा अंदाज त्यावरनंच लागतो. रबरी पाइप उष्णतेनं कडक होऊन चिरतो, क्लिपमधनं निसटतो, आत काजळी नाहीतर पाणी साठतं. एकदा असाच एक पिकअप माझ्याकडं आला होता, नवा सेन्सर टाकून पण तोच कोड परत, आणि निघाला काय तर डीपीएफजवळचा लोखंडी नळा काजळीनं गच्च बसलेला! मालकाचे सेन्सरचे पैसे फुकट गेले, मला फार वाईट वाटलं.

तर गाडी थंड असताना चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका आणि स्कॅनरवर डिफरन्शियल प्रेशर, म्हणजे हाच फरक बघा. शून्याच्या आसपास पाहिजे, इंजिन बंद असताना प्रेशर येणार कुठनं? जास्त दाखवत असेल तर सेन्सरकडचे दोन्ही पाइप काढा, कुठला कुठं होता ते खूण करून ठेवा कारण उलटे बसले तर रीडिंग मायनसमध्ये जातं. पाइप काढून सुद्धा आकडा तसाच राहिला तर मल्टिमीटर घ्या, सेन्सरच्या प्लगला ५ व्होल्ट सप्लाय आणि अर्थ (अर्थिंग) नीट येतोय का बघा, ऊसतोडीच्या दिवसात शेताकडं लावलेल्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात हे पण लक्षात असू दे. सप्लाय, अर्थ, सिग्नलची वायर सगळं बरोबर आणि तरी आकडा चुकीचा, मग मात्र सेन्सर गेला म्हणा.

शून्य बरोबर येत असेल तर पाइप परत लावा, इंजिन चालू करून रेस हळूहळू २५०० आरपीएमपर्यंत न्या. आकडा रेसबरोबर चढायला पाहिजे. जाग्यावरच बसला तर फिल्टरच्या आधीचा पाइप फुटलाय, निसटलाय नाहीतर तुंबलाय. आयडलवरच आकडा खूप जास्त असेल तर सेन्सर खरं बोलतोय, फिल्टर भरलाय. पाइप साफ करताना सेन्सरपासनं वेगळा करून मगच हवा मारा, कॉम्प्रेसरची हवा सेन्सरमध्ये गेली तर आतला पडदा जातो.

सेन्सर बदललाच तर काही गाड्यांत स्कॅनरवरनं शून्य सेट करून द्यावं लागतं, ते मेस्त्रीला विचारा. फिल्टर भरलेला निघाला आणि रीजनरेशन, म्हणजे फिल्टर तापवून आतली काजळी जाळायचं ठरलं तर गाडी वाळल्या पाचटावर, गवतावर उभी करू नका, डीपीएफ तेव्हा ६०० डिग्रीच्या आसपास तापतो.

आणि आज संध्याकाळीच डिपस्टिक काढून बघा, रीजनरेशन सारखं अर्धवट राहिलं की डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल तर आधी ऑइल बदला, मगच घाटाला गाडी काढा.