मागं नाव नाही, मंग बॅज नकली का?

प्रश्न: आजा महार रेजिमेंटात होता, त्याच्या पेटीत पितळेचा बॅज निघाला, स्तंभ अन् महार लिहिलेलं, पण मागं कारखान्याचं नावच नाही. दुकानदार नकली म्हणते. (वाचक, दारव्हा)

उत्तर: विकू नका बरं! रेजिमेंट १९४१ ची, पहिल्या बॅजवर कोरेगावचा स्तंभच होता, बॅजवर मशीनगनी १९४६ मध्ये आल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथं ओतलेल्या कित्येक बॅजवर शिक्काच नसायचा, उलट ‘गॉन्ट लंडन’ असा लंडनच्या बॅज कारखान्याचा ठळक शिक्का मागाहून काढलेल्या नकलांवरही दिसते, म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका. भिंगानं मागची कडी पाहा, डाखाची (कडी जोडल्याची) जागा जुनी काळवटलेली आहे का. ब्रासो लावू नका, अक्षरं झिजतात. पेटीत महायुद्धाचं मेडल असलं तर त्याची कड वाचा, आपल्या शिपायांचा नंबर अन् नाव बहुतेकदा तिथंच कोरलेलं असते.