सकाळचा कागद आणि दारातली ताई

प्रश्न : मी कराडजवळच्या एका शाळेत मोठ्या शिशूला शिकवते. वर्गात ३२ मुलं आहेत. पहिली रिक्षा साडेआठला येते, शेवटची व्हॅन नऊ वाजून गेल्यावर. मधल्या वेळात आलेल्या मुलांना रोज एक छापील वर्कशीट द्यायची, असं यंदा मुख्याध्यापकांनी ठरवलंय. नेटवरून पन्नासेक कागद काढून ठेवलेत. पण मागच्या जूनमध्ये असा कागद पुढ्यात ठेवला की निम्मी मुलं "ताई, काय करायचं?" म्हणून ओढणी धरायची, दोघं-तिघं रडत असायची आणि पालक दारातूनच विचारायचे, आज काय लिहून घेतलं? कागद द्यावेत की नाही?

उत्तर : द्या की. मुख्याध्यापकांशी वाद घालण्यासारखं यात काही नाही. फक्त हा कागद कशासाठी आहे ते आधी मनाशी पक्कं करा. अक्षरं शिकवायला पुढचं अख्खं वर्ष पडलंय. सकाळचा कागद असतो तो तुमचे दोन्ही हात दारापाशी मोकळे राहावेत म्हणून. जूनमध्ये दारात काय चालतं ते मी तुम्हाला काय सांगू? रेनकोटची बटणं, गळणाऱ्या छत्र्या, "आज भेंडी दिलीय, संपवतो का बघा हं" म्हणणारी आजी आणि आईचा पाय न सोडणारा एखादा गडी. तेव्हा कागद निवडताना एवढंच बघा : ताईला न विचारता मुलाला तो सुरू करता येतो का, आणि अर्ध्यावर सोडून उठता येतं का?

तुमच्या पन्नासांतले बरेचसे इथंच गळतील. त्यांतल्या स्नोमॅनला माझा विरोध नाही, कार्टून बघून मुलांना तो पाठ असतो. पण एका पानावर आठ-दहा बारीक चित्रं आणि वर दोन ओळींची सूचना असली, तर ती वाचणार कोण? मूल ओढणी धरणारच.

पहिल्या आठवड्यात पेन्सिल बाहेर काढूच नका. छापायचंच तर नावाच्या पट्ट्या छापा : मुलाचं नाव मोठ्या अक्षरात आणि शेजारी त्याची खूण, कुणाची छत्री, कुणाचा बेडूक. आल्याबरोबर आपली पट्टी शोधायची आणि कापडी फलकाच्या खिशात खोचायची. हजेरीही झाली आणि मुलाला आल्या आल्या काम मिळालं. या पट्ट्या संगणकावर करण्याआधी अक्षरं नीट बघा. बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. वर्गात शलाका असली, तर तिच्या नावातली पहिली दोन्ही अक्षरं फळ्यावर एक आणि पट्टीवर दुसरीच दिसतील. त्यापेक्षा जाड मार्करनं हातानं लिहा आणि झेरॉक्स काढा.

दुसऱ्या आठवड्यात एका पानावर एकच मोठं चित्र द्या. छत्रीची जाड बाह्यरेषा, आणि तिच्यावर चिंचोके मांडत जायचे. मांडलं, मोडलं, शेजारच्याला दिलं, संपलं. (छोट्या शिशूत चिंचोके आणि मणी नकोत, ते नाकाकानात जातात. तिथं बाटल्यांची झाकणं द्या.) मग पावसाचा कागद : वर ढग, खाली जमीन, मधली जागा रिकामी. तेलखडूनं वरून खाली पाऊस पाडायचा. यात सूचना लागत नाही, आणि पुढं अक्षरांना लागणारी उभी रेघ हाताला आपोआप होते. वारा सुटला की पाऊस तिरपा होतो, हे मुलंच सुचवतात. आडव्या रेघा, गोल, अर्धगोल असं करत ग म भ न पर्यंत यायला गणपती उजाडले तरी काही बिघडत नाही. इंग्रजीच्या चार रेघी कागदावर मात्र मराठी अक्षर गिरवायला देऊ नका, शिरोरेघ कुठल्या रेघेला टेकवायची तेच पोराला कळत नाही.

रोज नवा कागद हवा, हा आपला मोठ्यांचा हट्ट. मुलांना कालचाच पुन्हा हवा असतो. पाच प्रकार निवडा, प्रत्येकाच्या आठ-दहा प्रती लॅमिनेट करा आणि पाच ट्रेमध्ये ठेवा. ज्याला जो हवा तो त्यानं उचलावा. पांढऱ्या फळ्याचा मार्कर आणि जुन्या बनियनचा तुकडा दिला की झालं. पुसण्यातच अर्ध्या वर्गाला खरा रस असतो.

रडणाऱ्याच्या पुढ्यात कागद सरकवू नका. त्याला दाराशी तुमच्याजवळच उभं करा आणि येणाऱ्याची छत्री बादलीत उभी करायचं काम द्या. तारा­बाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. मुलांची आधी आंघोळ आणि वेणीफणी, मग बाकीचं. महागड्या साधनांच्या जागी बिया, खडे, शिंपले. आलेल्या मुलाला आधी हातात घ्यायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

राहिले पालक. त्यांना फाइल हवी असते, त्यात गैर काही नाही. आठवड्याला एक खराखुरा कागद फाइलला लावा, पण मागच्या बाजूला तारीख घालून मूल जे बोललं ते जसंच्या तसं लिहा. "हा बेडूक नाही, भिजलेला मामा आहे." असं वाचलेला बाप दुसऱ्या दिवशी 'काय लिहून घेतलं' विचारत नाही, मामाला घेऊन येतो.

प्रश्न : माझी नात डावखुरी आहे, नांदेडला बालवाडीत जाते. गिरवायचे कागद तिला जमत नाहीत, रेघ भलतीकडेच जाते. हात बदलावा का? — एक आजी

उत्तर : हात बदलू नका आजी, कागद बदला. बहुतेक कागदांवर नमुन्याचं अक्षर डावीकडे असतं. डावखुऱ्या मुलाचा हात नेमका त्यावरच पडतो, म्हणजे बघून काढायचं तेच झाकलं जातं. उजव्या कडेलाही तेच अक्षर पेननं काढून द्या. कागद थोडा तिरका, डावा वरचा कोपरा जरा वर. बाईंना सांगून तिला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, नाहीतर शेजारणीशी कोपराची लढाई रोजची. कात्री घ्याल तेव्हा डावखुऱ्यांची वेगळी मिळते, तीच मागा. जेवताना उजवा हात वापरायचा की नाही, ते तुमचं घर ठरवेल. पेन्सिल तिला हव्या त्या हातात राहू द्या.