जळगावचा फोल्डर उघडतो, मग नंदुरबारचा का नाही?

तुमचा प्रश्न असा: केळी-कापसाच्या पावत्या गावोगावच्या फोल्डरमधून उचलणारी पायथन स्क्रिप्ट जळगाव, धुळे, चोपडा नीट वाचते, नंदुरबार, तळोदा, रावेर, भुसावळ आलं की ‘फाइल सापडली नाही’ म्हणते.

फोल्डर जागेवरच आहेत हो, घोळ विंडोजच्या पाथमध्ये, म्हणजे फोल्डरच्या पत्त्यात, नावांच्या मधे येणाऱ्या बॅकस्लॅशचा (\) आहे. साध्या स्ट्रिंगमध्ये (अवतरणचिन्हांतल्या मजकुरात) बॅकस्लॅशनंतर स्मॉल एन आला की पायथन त्याला नवी ओळ समजतं. टी म्हणजे टॅब, आर म्हणजे कॅरेज रिटर्न (ओळीच्या सुरुवातीला परत नेणारं चिन्ह), बी म्हणजे बॅकस्पेस. त्यामुळे नंदुरबारचा पहिला एन गिळला जातो आणि मागे उरतं ‘अंदुरबार’! जळगावचा जे, धुळ्याचा डी, चोपड्याचा सी यांना असा खास अर्थ नाही, म्हणून ते नशिबाने वाचले. पायथन ३.१२ पासून तिथेही इशारा दिसतो.

मी तर सरळ साधा स्लॅश (/) वापरतो. विंडोजवरही पायथनला तो चालतो. अवतरणचिन्हाआधी आर लावून रॉ स्ट्रिंग (जिच्यात बॅकस्लॅश जसाच्या तसा राहतो) करता येते, फक्त तिच्या शेवटी एकटा बॅकस्लॅश ठेवता येत नाही. पाथ जोडायचे असतील तर पायथनचं पाथलिब हे मॉड्यूल बरं. तोच पाथ विंडोजच्या एखाद्या जुन्या कमांडला देताना मात्र आधी बॅकस्लॅशचा करा, कारण काही कमांड स्लॅशला स्विच (कमांडच्या पर्यायाची खूण) समजतात.

मॅकवरच्या ॲपलस्क्रिप्ट या स्क्रिप्टच्या भाषेची तऱ्हा तिसरीच. तिथे फोल्डरांच्या मधे कोलन (:) येतो; ‘पॉझिक्स पाथ ऑफ’ लावलं की स्लॅशवाला पाथ मिळतो.