घरातलं इंटरनेट रेडिओ स्टेशन: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: घरच्या इंटरनेटला जाहिरातीतला वेग खरंच मिळतो. तरी पंचवीसेक श्रोते जमले की आवाज तुटायला लागतो. मोठा प्लॅन घेऊ का?

नको. जाहिरातीतला आकडा बहुधा डाउनलोडचा असतो आणि रेडिओ चालतो अपलोडवर. तुम्ही आइसकास्ट, म्हणजे श्रोत्यांना आवाज वाटणारं सर्व्हर सॉफ्टवेअर, घरच्याच कॉम्प्युटरवर बसवलेलं दिसतंय. अशा वेळी प्रत्येक श्रोत्यासाठी आवाजाची वेगळी प्रत तुमच्या घरातून बाहेर पडते. १२८ केबीपीएसचा (सेकंदाला १२८ किलोबिट) स्ट्रीम, म्हणजे आवाजाचा अखंड प्रवाह, आणि २५ श्रोते म्हणजे ३.२ एमबीपीएस अपलोड, तोही अखंड. तेवढ्यात घरात कुणी व्हिडिओ कॉल लावला की आटोपलंच.

त्यापेक्षा आइसकास्ट किंवा त्याच कामाच्या शाउटकास्टचा सर्व्हर भाड्याने घ्या. घरातून एकच स्ट्रीम तिकडे जाईल आणि प्रती वाटायचं काम सर्व्हर करेल. पाठवायला ‘बट’ नावाचं छोटंसं सॉफ्टवेअर पुरतं. ते फुकट आहे आणि वर्षानुवर्षं लोक वापरताहेत.

सर्व्हर घेताना दोन गोष्टी विचारा: एका वेळी किती श्रोते चालतील आणि महिन्याला किती डेटा मिळेल. १२८ केबीपीएसवर एक श्रोता तासाला ५७.६ एमबी ऐकतो. रोज वीस जण तीन-तीन तास ऐकत असतील, तर महिन्याला शंभर जीबीच्या वर जातं. कार्यक्रम फक्त गप्पांचा असेल तर ६४ केबीपीएस मोनो (स्टीरिओऐवजी एकाच चॅनेलचा आवाज) ठेवा, डेटा निम्मा लागतो. ऑपस हा नवा ऑडिओ फॉरमॅट त्याहून कमी जागेत छान वाजतो, पण जुन्या इंटरनेट रेडिओ सेटांना तो कळत नाही. एमपी३ सगळीकडे वाजतं, म्हणून मी अजून त्यालाच धरून आहे.

प्रश्न: चांगला कंडेन्सर माइक घेतला, तरी आवाज न्हाणीघरातून आल्यासारखा येतो. माइक बदलू?

माइक राहू दे, खोलीचं बघा. कंडेन्सर हा फार संवेदनशील माइक, त्याचे कान तिखट असतात. उघड्या भिंतींवरून परतलेला तुमचाच आवाज, पंखा, शेजारचं कुत्रं, सगळं तो इमानदारीने टिपतो. कपड्यांचं कपाट सताड उघडा आणि त्याच्याकडे पाठ करून बसा. तोंड नव्हे, पाठ. माइक तुमच्या चेहऱ्याकडे बघतो, म्हणजे तुमच्या खांद्यांवरून मागची भिंतही त्याला दिसते. मऊ काहीतरी तिथे हवं.

मग माइक वीतभर अंतरावर आणा, जवळ आणला तितका गेन (माइकचा आवाज वाढवणारं बटण) खाली घ्या आणि तो ओठांसमोरून थोडा बाजूला सरकवा. तळहात तोंडासमोर धरून ‘फुलपाखरू’ म्हणा. हातावर जो फुत्कार लागतो, तो थेट माइकवर आदळला की ‘भप्’ ऐकू येतं. एवढं करूनही खोली ऐकेनाशी झाली, तर साधा डायनॅमिक माइक घ्या, तो दूरचे आवाज कमी टिपतो.

प्रश्न: मी विकत घेतलेली गाणी स्टेशनवर लावली तर काय बिघडलं?

विकत घेतलीत ती स्वतः ऐकायला. प्रसारणाचा परवाना वेगळा. गाण्यात दोन हक्क असतात: शब्द आणि चालीचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. ते बहुधा वेगवेगळ्या हातांत असतात आणि परवाना देणाऱ्या संस्था देशागणिक बदलतात. ‘तीस सेकंद चालतात’ ही निव्वळ दंतकथा आहे. ‘सर्व हक्क मूळ मालकांचे’ असं खाली लिहिल्यानेही काही होत नाही. उलट, तुम्हाला ठाऊक होतं याचा तो लेखी कबुलीजबाब.

परवान्याची झंझट नको असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे कलाकाराने ठरावीक अटींवर वापरायला खुलं केलेलं, संगीत घ्या, पण प्रत्येक गाण्याची अट वाचा. ‘नॉन-कमर्शिअल’ लिहिलेलं गाणं लावून पुढे स्टेशनवर जाहिरात घेतलीत, तर पंचाईत होईल. श्रेय कुठे द्यायचं तेही आधी ठरवा.

प्रश्न: रात्री मी झोपल्यावर स्टेशन गप्प होतं. सकाळी कळतं, तोवर श्रोते गेलेले असतात.

यातून मीही गेलोय. एका रात्री लॅपटॉपने स्वतःहून अपडेट घेतलं, रीस्टार्ट झाला आणि पासवर्ड विचारत सकाळपर्यंत बसून राहिला. तेव्हापासून प्रसारणाचं मशीन वेगळं ठेवतो. त्यावर स्लीप बंद, आपोआप अपडेट बंद, नोटिफिकेशनचे आवाज बंद. हे शेवटचं विसरलात तर निवेदनाच्या मधोमध ‘टिंग’ प्रक्षेपित होतं.

आइसकास्टमध्ये फॉलबॅक माउंट, म्हणजे राखीव स्ट्रीमचा पत्ता, लावा. तुमचा स्ट्रीम तुटला की श्रोते आपोआप राखीव स्ट्रीमवर जातात. दोन्हींचा फॉरमॅट एकच हवा, शक्यतो बिटरेट (केबीपीएसचा आकडा) सुद्धा. ‘फॉलबॅक ओव्हरराइड’ चालू ठेवा, म्हणजे तुम्ही परतलात की श्रोतेही परततात.

बरेच जण फसतात ते याच्या पुढे. फॉलबॅक जागा होतो तो कनेक्शन तुटल्यावर. प्लेलिस्ट संपली किंवा मिक्सरचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) खालीच राहिला, तर तुमचं मशीन शांततासुद्धा नेमाने पाठवत राहतं. सर्व्हरच्या दृष्टीने सगळं आलबेल! त्यासाठी शांतता ओळखणारी यंत्रणा लागते. लिक्विडसोप या प्रसारणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती आहे: ठरलेले सेकंद आवाज आला नाही की ते दुसरीकडे वळतं. ती कठीण वाटली तर सगळा रात्रपाळीचा भार अझुराकास्ट या सर्व्हरवर चालणाऱ्या रेडिओ सॉफ्टवेअरवर टाका. त्यात प्लेलिस्ट सर्व्हरवरच राहतात, घरचं मशीन खुशाल बंद करा.

प्रश्न: मी प्रश्न विचारते, श्रोत्यांची उत्तरं चॅटवर येईपर्यंत अर्धं मिनिट जातं. बिटरेट कमी केला तर विलंब घटेल ना?

वाढेल! आइसकास्ट नव्या श्रोत्याला सुरुवातीलाच ठरावीक गठ्ठा देतो, मूळ सेटिंगमध्ये ६५,५३५ बाइट. १२८ केबीपीएसला तो साधारण चार सेकंदांचा आवाज, ६४ला आठ. त्यावर प्लेअरचा स्वतःचा साठा वेगळा. गठ्ठा लहान करता येतो, पण मग कच्च्या नेटवाल्यांचा आवाज तुटतो. मी त्या वाटेला जात नाही. प्रश्न विचारायचा, एक गाणं लावायचं आणि परत आल्यावर उत्तरं वाचायची.

प्रश्न: महिना झाला, श्रोत्यांचा आकडा तीनवरच आहे.

त्यातला एक तुम्हीच, दुसऱ्या खोलीतल्या फोनवर. तो चालू राहू द्या, बिघाड सगळ्यात आधी तिथेच ऐकू येतो. उरलेल्या दोघांसाठी वेळ ठरवा: चोवीस तास गाणी लोटण्यापेक्षा दर मंगळवारी रात्री नऊला तासभर, आणि नऊ म्हणजे नऊ. स्टेशनची लिंक इंटरनेट रेडिओच्या डिरेक्टऱ्यांमध्ये (स्टेशनांच्या याद्यांमध्ये) नोंदवा. श्रोत्यांचा आकडा मात्र स्वतः बोलत असताना बघू नका, आवाज पडतो.