कथेतल्या कावळ्याला काम द्या

प्रश्न : माझ्या कथेत गिरगावच्या चाळीत एकटी राहणारी आजी आहे आणि तिच्या गॅलरीसमोरच्या आंब्यावर कावळ्याचं घरटं. कथा साभार परत आली. 'निसर्ग वरून चिकटवलाय' असा शेरा होता. काय बदलू?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : कथेतून कावळा काढून वाचा. एकही प्रसंग हलला नाही, तर शेरा बरोबर आहे. तुमचा कावळा आजीच्या एकटेपणाची खूण म्हणून नुसता बसून आहे.

मुंबईत कावळ्यांची वीण पावसाळ्याच्या तोंडावर असते. अंडी 16-17 दिवस उबवायची, मग पिल्लं उडेपर्यंत आणखी 3-4 आठवडे. दीड महिन्याचं वेळापत्रक आयतंच मिळालं! एवढ्या काळात घरट्याजवळ फिरकणाऱ्याच्या डोक्यावर कावळे झडप घालतात, बहुधा मागून. म्हणजे आजीचे कपडे वाळत घालायचे वांधे, पोरं छत्री उघडून गॅलरीतून जाणार. नेमकी तेव्हाच पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी असते. चाळकऱ्यांना ती फांदी नकोच आहे. आजी कोणाच्या बाजूने? छाटणीवाल्यांशी ती काय बोलते, ते लिहा. 'ती एकटी होती' हे वाक्य मग खोडता येईल.

कोकिळेचं पिल्लू आणायचा मोह होईलच. आणलंत तर 'कुहू' काळ्याभोर नराच्या तोंडी द्या. अंडी घालणारी मादी तपकिरी, ठिपकेदार असते आणि तिचा आवाज 'किक्-किक्' असा. तिचं पिल्लू कावळ्याच्या पिल्लांना ढकलून देतं, हे कथांमध्ये फार बोकाळलंय. प्रत्यक्षात बऱ्याचदा ती सगळी एकाच घरट्यात वाढतात, आणि कथेला तेच जास्त अवघड, म्हणून जास्त कामाचं. घरट्याचं वर्णन तीन ओळींत उरका. काटक्यांत गुंफलेली तार तेवढी राहू द्या.

प्रश्न : भटक्या कुत्र्याच्या तोंडून कथा सांगितली तर चालेल?
– एक वाचक, दादर

उत्तर : चालेल, 1,200 शब्दांपलीकडे ताणू नका. माणसांचं बोलणं त्याला किती कळतं, हे पहिल्याच परिच्छेदात ठरवा आणि मग फिरवू नका. आधी वास, मग आवाज, दृश्य शेवटी. कुत्र्याला निळा-पिवळा ओळखता येतो, लाल-हिरव्यात गोंधळ होतो. त्यामुळे लालभडक गुलमोहर त्याच्या तोंडी नको. अशा कथा बिघडतात त्या मध्यावर, कुत्रा माणसांच्या ढोंगीपणावर प्रवचन झोडू लागला की. तेवढं पान फाडा आणि आधीच्या वासापासून पुन्हा सुरू करा.