कॅबिनेटच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंतीचं डेकोरेटिव्ह पॅनेलिंग डिझाइन करता येतं का, की वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं?

येतं. वेगळं काही घेऊ नका. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय ना, ‘भिंतीच्या मापाचं एक मोठं शटर (कपाटाचं दार) काढून त्यात चौकटी पाडल्या तर चालेल का’, नेमक्या त्याच गोष्टीवरून आमच्या वर्कशॉपमध्ये चांगलंच वाजलं होतं. त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

मी आणि माझा मेहुणा एकत्र काम करतो. मापं आणि फिटिंग माझ्याकडे, कॉम्प्युटर त्याच्याकडे. दिवाणखान्याच्या एका भिंतीचं काम आलं. ९ मिलिमीटर एमडीएफचा (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) बेस, त्यावर ९ च्याच पट्ट्या लावून चौकटी, वरून रंग. मेहुणा म्हणाला, “दाजी, भिंत म्हणजे मोठं शटरच की! शेकर शटर, म्हणजे कडेने पट्ट्या आणि मध्ये सपाट पॅनेल असलेलं, घ्यायचं, रुंदी टाकायची, मध्ये उभ्या पट्ट्या वाढवायच्या. झालं.” मी म्हटलं, अरे, सॉफ्टवेअरला शटर सांगितलंस की ते शटरचेच नियम लावणार. चारी बाजूंनी फट सोडणार, मापातून दोन-तीन मिलिमीटर खाणार, बिजागरीची जागासुद्धा स्वतःच ठरवणार. ऐकतोय कोण! सीएनसीवरून, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापायच्या मशीनवरून, माल उतरला तेव्हा कडेच्या पट्टीला बिजागरीची ३५ मिलिमीटरची भोकं ओळीने पडलेली, आणि पट्टी ९ चीच असल्यामुळे सगळी आरपार. कारागीर तोंड फिरवून हसत होते आणि मेहुणा सॉफ्टवेअरमधल्या तयार शटरांच्या लायब्ररीला शिव्या देत होता.

तर शटर नको. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये वॉल पॅनेल असा तयार प्रकार असेल तर तो घ्या. नसेल तर साधं कॅबिनेट घ्या, डेप्थ पट्टीच्या जाडीएवढी करा, बाजू, तळ, पाठ सगळं उडवा आणि फक्त फेस फ्रेम (समोरचा पट्ट्यांचा सांगाडा) ठेवा. रुंदी बदलली की उभ्या पट्ट्या आपोआप सरकतात आणि कटलिस्टमध्ये (कापायच्या तुकड्यांच्या यादीत) भलतं काही घुसत नाही.

पण भोकं हे भांडणाचं खरं कारण नव्हतंच. पट्ट्या पुन्हा कापून ते निस्तरलं असतं. खरा वाद होता चौकटी किती पाडायच्या याचा. दिसणारी रुंदी ४१२० मिलिमीटर, पट्टी ८० ची. मेहुण्याने पाच चौकटी टाकल्या, कारण स्क्रीनवर रुंद चौकटी भारदस्त दिसतात. पाच चौकटींना सहा पट्ट्या, म्हणजे ४८० गेले. उरलेल्या ३६४० ला पाचाने भागलं की ७२८. आकडा सुरेख आहे, पण शीट १२२० रुंद असते हे त्यात कुठे आलं? दुसरी चौकट ८८८ वर सुरू होते आणि १६१६ ला संपते, आणि १२२० चा सांधा बरोबर तिच्या पोटात येतो. रंगाखाली असा सांधा झाकत नाही. पुट्टी भरा, घासा, काही करा, पुढेमागे त्याची रेघ उमटतेच. सांधा पट्टीखाली घ्यायचा तर पाच चौकटींना पाच शीट लागतात, कारण एका शीटमध्ये एकच चौकट बसते.

मी सात म्हणत होतो. आठ पट्ट्यांचे ६४० वजा करा, उरलेले ३४८० भागिले सात, चौकट साधारण ४९७ ची. चौकट आणि पट्टी मिळून ५७७, दोन मिळून ११५४, म्हणजे एका शीटमध्ये दोन चौकटी आणि सांधा दर वेळी पट्टीच्या मध्यावर. चार शीटमध्ये भिंत पूर्ण, एकही सांधा उघडा नाही. यावर “सात म्हणजे गिचमीड दिसेल” एवढाच मुद्दा त्याच्याकडे होता. शेवटी सातच झाल्या आणि गिचमीड कुणालाही दिसली नाही. हे इथे लिहितोय कारण नेस्टिंग प्रोग्राम (शीटवर तुकडे मांडून देणारा) तुम्हाला हे कधीच सांगणार नाही. त्याला वाया जाणारा माल कळतो, सांधा कुठे दिसेल ते कळत नाही. बेसच्या शीट वेगळे भाग म्हणून स्वतः टाका आणि सांधे स्वतः ठरवा.

कोपरा हा दुसरा सापळा. दोन भिंती काटकोनात मिळतात तिथे एका भिंतीचं पॅनेल दुसऱ्याच्या तोंडावर येऊन टेकतं. बेस आणि पट्टी मिळून जाडी १८, म्हणजे मागच्या भिंतीची शेवटची पट्टी १८ ने झाकली जाते. ती ९८ ची कापली तरच ८० दिसते, नाहीतर एका बाजूला ८० आणि दुसऱ्या बाजूला ६२. सॉफ्टवेअर प्रत्येक भिंत वेगळी धरत असेल तर हे हातानेच टाकावं लागतं. (शीटच्या मापातही हे १८ धरा. वरच्या हिशोबात कडेची शीट कडेच्या अर्ध्या पट्टीचे ४० जास्त धरून ११९४ ची होते, १८ वाढले तरी १२१२, बसते.)

माप घेताना भिंत खाली, मध्ये आणि वर अशी तिन्ही ठिकाणी मोजा, ओळंबा लावा, कोपऱ्यात गुण्या धरून बघा. कडेची पट्टी दहा-पंधरा मिलिमीटर जास्त ठेवा आणि जागेवर रंधा मारून भिंतीला बसवा. स्विचबोर्ड आधी ड्रॉइंगमध्ये घाला, मग चौकटी पाडा. बोर्ड अर्धा पट्टीवर आणि अर्धा चौकटीत आला की सगळी शोभा तिथेच संपते.

हे सगळं रंगाच्या एमडीएफचं. विनियर (खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा) असेल तर रेषांची दिशा लॉक करा, नाहीतर नेस्टिंग तुकडे बिनधास्त आडवे फिरवेल. सॉलिड लाकडाचं पॅनेल असेल तर चिकटवू नका, खाचेत मोकळं ठेवा, लाकूड हवेप्रमाणे फुगतं आणि आखडतं. चौकटी चिकटवण्याऐवजी सीएनसीवर कोरणार असाल तर ६ मिलिमीटरच्या बिटाने आतला कोपरा ३ च्या त्रिज्येने गोल येणार. टोकदार हवा असेल तर पटाशी घ्या.

जिन्याच्या बाजूची तिरपी भिंत मात्र कॅबिनेटच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढत बसू नका, फेस फ्रेमला तिरकं जमवणं फार कटकटीचं. तेवढं स्केचअप या थ्रीडी ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काढा, कटलिस्टसाठी ओपनकटलिस्ट हे मोफत एक्स्टेन्शन आहे. बाकी कोणतं सॉफ्टवेअर चांगलं म्हणाल तर ज्यावर तुमची कॅबिनेट आज बरोबर कापली जातायत तेच.